थोडं सिरियस आहे, तुम्ही या

“सर, ‘वुई विल क्रॉस दॅट ब्रिज व्हेन वुई कम टू इट’, म्हणजे ते बोल्ट वापरणार, असंच ना?”

नसरीन शेख ट्रेनिंग रूमच्या दारात उभी होती. एका हातावर उघडा लॅपटॉप, दुसऱ्या हाताची मूठ बंद. माझ्यासमोर स्टोअर आणि डिस्पॅचची मंडळी बसली होती. फळ्यावर मी नुकतंच ‘पीस ऑफ केक’ लिहिलं होतं. आपल्याकडे ज्याला हातचा मळ म्हणतात, त्याला इंग्रज केकचा तुकडा म्हणतो, हे सांगून थोडा हशाही मिळवला होता.

“असंच,” मी म्हणालो. “पूल येईल तेव्हा ओलांडू. म्हणजे तेव्हाचं तेव्हा बघू.”

“मग सर, क्लास सोडा आणि माझ्याबरोबर चला.”

माझा क्लास मध्येच कोणी मोडला तर माझं डोकं फिरतं. चाळीशी ओलांडलेल्या मॅनेजरांनाही मी त्यावरून सुनावलेलं आहे. पण नसरीन त्या कारखान्याची क्वालिटी हेड होती आणि उगाच धावपळ करणाऱ्यांतली नव्हती. मी खडू ठेवला आणि निघालो.

मी मूळचा इंग्रजीचा प्राध्यापक. नगरच्या कॉलेजातून रिटायर झालो आणि घरात बायकोच्या मधेमधे यायला लागलो. तिनेच मला बाहेर काढलं म्हणा ना. आता सुप्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांत बोलायचं इंग्रजी शिकवतो. सकाळी कंपनीच्या बसने जातो, संध्याकाळी त्याच बसने परत येतो.

कारखान्याला इंग्रजीचा मास्तर कशाला लागतो, असं लोक विचारतात. माल घेणारी कंपनी परदेशात असते. माल बनवणारे पारनेरचे, श्रीगोंद्याचे, जामखेडचे. हे लोक इंजिनियर आहेत, त्यांना इंग्रजी वाचता येतं, लिहिता येतं. पण समोरचा इंग्रज काही सरळ बोलत नाही. त्याला काम ढकलायचं असलं की चेंडू तुमच्या अंगणात आहे म्हणतो. ज्या विषयावर सगळे मूग गिळून बसलेत, त्याला तो खोलीतला हत्ती म्हणतो. बिंग फुटलं की त्याची मांजर पिशवीतून बाहेर येते. आमची मंडळी हे सगळं ऐकतात आणि एका सुरात ‘यस सर’ म्हणतात. ‘म्हणजे काय’ असं कोणी विचारत नाही. पाहुण्याने काही म्हटलं की मान डोलवायची, हे आपल्याला घरूनच शिकवलेलं असतं. म्हणून मी.

हा कारखाना बोल्ट बनवायचा. साधे नाहीत. ट्रॅक्टरच्या मागे ट्रेलर ज्या हुकाला जोडतात, तो हुक धरून ठेवणारे बोल्ट. इंग्लंडमधली एक कंपनी ते घ्यायची. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला त्याचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. भरलेली उसाची ट्रॉली चढावर सुटली तर काय होतं, हे कोणी ना कोणी पाहिलेलं असतं.

नसरीनने मला क्वालिटीच्या खोलीत नेलं आणि मूठ उघडली. तिच्या तळहातावर बोल्टाचं डोकं होतं. नुसतं डोकं, खालचा दांडा नाही.

“हे आपोआप उडालंय, सर. कोणी मारलं नाही, ओढलं नाही.”

मग तिने मला समजावलं. मी इंग्रजीवाला, पण तिने असं सांगितलं की मला आजही येतं. बोल्ट गंजू नये म्हणून त्याला प्लेटिंग करतात. ते करताना लोखंडात हायड्रोजन वायू शिरतो. तो बाहेर काढायला बोल्ट नंतर भट्टीत काही तास शेकावे लागतात. शेकणं अर्धवट राहिलं तर बोल्ट दिसायला चकचकीत, मोजायला बरोबर, पण आतून ठिसूळ. घट्ट आवळला तरी लगेच काही होत नाही. एक दिवस जातो, दोन दिवस जातात आणि मग अचानक डोकं उडतं. त्यामुळे माल पाठवताना केलेल्या तपासणीत हे सापडत नाही.

शेवटचा लॉट, म्हणजे शेवटच्या खेपेचा माल, जाऊन पोचला होता. त्यानंतर गिते नावाचे सुपरवायझर सुट्टीवरून परत आले आणि बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं की त्या लॉटच्या वेळी लाईट गेली होती आणि भट्टी परत पूर्ण वेळ चालवली नव्हती. नसरीनने जेवणाचा डबा तसाच बंद केला. प्रत्येक लॉटमधले थोडे बोल्ट कारखान्यात मागे ठेवलेले असतात. तिने ते काढले, एका जाड पोलादी पट्टीत आवळले आणि तसेच ठेवून दिले.

गिते खर्ड्याचे. ते तिथेच उभे होते, चेहरा पडलेला.

“सकाळी येऊन बघतो तर डोकी खाली पडल्याली, सर,” ते मला म्हणाले. “लई न्हाईत, दोनच. पर आवळून काय फार येळ झाला न्हवता वो. आनि त्यो माल तकडं ट्रेलरला लागनार.”

“कधी लागणार?”

“सोमवारपासून म्हणत होते,” नसरीन म्हणाली. “आज शुक्रवार. आणि काल पाठवलेल्या मेलला हॅरिस साहेबांचं हे उत्तर रात्री आलंय.”

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. हॅरिस म्हणजे त्या इंग्रज कंपनीचा खरेदी बघणारा माणूस. त्याने लिहिलं होतं, राईचा पर्वत करायला नको. इंग्रजीत राई नसते, जमिनीत बिळं करणाऱ्या चिचुंद्रीसारख्या प्राण्याने उकरलेला मातीचा उंचवटा असतो, पण अर्थ तोच. पुढे तो पुलाचा मजकूर. आणि शेवटी, तुमचा वीकेंड छान जावो.

“त्यांना इतकं गंभीर सांगूनही असं लिहितात?” मी विचारलं.

“आपण काय लिहिलं होतं ते वाचा.”

मी खाली गेलो. मूळ ईमेल प्लँट हेड पठारे साहेबांच्या नावाने गेली होती. देअर इज सम स्लाइट सिरियस कन्सर्न अबाउट द लास्ट लॉट. काइंडली व्हिजिट अस ॲट द अर्लिएस्ट. शेवटच्या लॉटबद्दल थोडी सिरियस चिंता आहे, कृपया लवकरात लवकर आमच्याकडे या.

मला हसू आलं. “अगं, हा तर आपल्याकडचा मयताचा फोन आहे!”

हे समजावून सांगायला हवं, कारण सगळं याच्यावरच अडलं होतं. आपल्याकडे माणूस गेला तर लांबच्या नातेवाइकाला फोनवर ‘गेले’ असं कोणी सांगत नाही. ‘थोडं सिरियस आहे, तुम्ही या’ असं सांगतात. ऐकणारा काय समजायचं ते समजतो. गाडी करतो, वाटेत रडून घेतो, आणि दारात पोचल्यावर त्याला कोणी काही सांगावं लागत नाही. एकट्या माणसाला तिकडे धक्का बसू नये, प्रवास धड व्हावा, ही त्यातली माया. मीसुद्धा असे फोन केलेत. असे फोन घेतलेतही.

पठारे साहेबांनी तोच फोन इंग्रजीत करून पाठवला होता. आणि हॅरिसच्या खानदानात तसा फोन कधी कोणी केला नव्हता. त्याने ‘थोडं’ वाचलं आणि वीकेंडला लागला.

मी हसत होतो. नसरीन हसली नाही.

“साहेबांकडे चला,” ती म्हणाली.

पठारे साहेब वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. गोष्टीत साहेब आला की वाचक त्याला खलनायक ठरवून मोकळा होतो. हा माणूस कामगाराच्या घरी लग्न असलं तर स्वतः अक्षता टाकायला जायचा, हॉस्पिटलात कोणी असलं तर डबा पाठवायचा. बोलणं इतकं मऊ की नोकरीवरून काढलेल्या माणसालाही दाराबाहेर जाईपर्यंत कळायचं नाही.

“शेख मॅडम, मी काय लपवलं का?” ते म्हणाले. “‘सिरियस’ लिहिलंय. ‘लवकर या’ लिहिलंय. एवढं वाचून शहाण्या माणसाने काय समजायचं?”

“आपल्याकडच्या शहाण्याला समजलं असतं, साहेब,” मी म्हणालो. “तिकडच्याला नाही समजलं. त्याने तुमचं ‘थोडं’ खरं मानलं.”

“मग काय तोंडावर सांगायचं? आमचे बोल्ट तुटतात म्हणून? माणूस हबकेल.”

“हबकायलाच पाहिजे, सर,” नसरीन म्हणाली. “सोमवारी ते ट्रेलरला लावणार आहेत.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. पुढच्या वर्षाचं मोठं काम कोणाला द्यायचं, ते हॅरिस त्याच महिन्यात ठरवणार होता. सगळा कारखाना त्या कामाकडे डोळे लावून बसला होता. ‘आमच्या बोल्टांनी माणूस मरेल’ असं ज्याला सांगायचं, त्याच्याकडेच नवं काम मागायचं होतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही चष्मा पुसला असता.

“ठीक आहे. दुपारी व्हिडिओ कॉल लावू,” ते शेवटी म्हणाले. “तोपर्यंत तिकडे सकाळ झालेली असेल. तुम्ही सांगा, तुमचा विषय आहे. साळवे सर, तुम्ही बसा शेजारी. पण भाषा जरा सॉफ्ट ठेवा. संबंध आहेत आपले.”

आम्ही ट्रेनिंग रूममध्ये येऊन बसलो. आता माझी पाळी होती आणि खरं सांगायचं तर मला उत्साह आला होता. आयुष्यभर मुलांना म्हणी घोकायला लावल्या, पहिल्यांदा त्यांचा खरा उपयोग होणार होता. मी फळ्यावर सुरुवात केली. ‘टू बाइट द बुलेट’, गोळी दाताखाली धरणे, म्हणजे मन घट्ट करून नको ते करणे. ‘टू कम क्लीन’, खरं सांगून मोकळं होणे. ‘टू रेझ अ रेड फ्लॅग’, धोक्याचा लाल झेंडा दाखवणे. ‘टू कॉल अ स्पेड अ स्पेड’, फावड्याला फावडंच म्हणणे.

नसरीन प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची. “हे ऐकून ते ट्रेलर जोडायची लाईन थांबवतील?”

“विचार करतील.”

“मग नको. पुढचं.”

“हे बघ, ‘रेड फ्लॅग’ चांगलं आहे. एकदम व्यावसायिक.”

“सर, त्यांच्याकडे रोज दहा सप्लायर लाल झेंडे दाखवत असतील. तुम्हीच शिकवलंत ना, वापरून वापरून म्हण गुळगुळीत होते?”

शिकवलं होतं. आपलंच वाक्य असं परत आलं की मास्तराला आनंदही होतो आणि चीडही येते.

शेवटी तिने स्वतःच चार वाक्यं केली. शाळेतल्या पोराला येतील अशी. मी ऐकली आणि माझ्या अंगावर काटा आला, इतकी ती उघडी होती.

“निदान सुरुवातीला ‘आय ॲम अफ्रेड’ घाल,” मी म्हणालो. इंग्रज वाईट बातमी द्यायच्या आधी ‘मला भीती वाटते की’ म्हणतो. भीती वगैरे काही नसते. समोरच्याच्या डोक्याखाली उशी सरकवतो, एवढंच. “नाहीतर उद्धट वाटेल.”

“वाटू दे, सर. उशी नको.”

“अगं, सगळेच लोक वाईट गोष्ट गुंडाळून सांगतात. आपण सांगतो, ते सांगतात.”

“हो ना. पण गुंडाळलेलं ज्याचं त्याच्याच घरी उघडता येतं. आज आपल्यात आणि त्यांच्यात तेवढी घरोब्याची ओळख नाही.”

मी खडू खाली ठेवला. मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, पण हे मला असं मांडता आलं नसतं. नगरमध्ये वेल्डिंगचं दुकान असलेल्या माणसाची ही मुलगी, पुण्याला राहून इंजिनियर झालेली, भाषेच्या भानगडीत कधी न पडलेली. मला तिचा हेवाच वाटला.

दुपारी कॉल लागला. हॅरिस गोल चेहऱ्याचा, हसरा माणूस. हातात कॉफीचा मग. पठारे साहेबांच्या घरच्यांची त्याने विचारपूस केली, साहेबांनी त्याच्या कुत्र्याची केली. मग तो म्हणाला, ऐकतोय की तुमच्याकडे चहाच्या कपात वादळ उठलंय. तेही म्हणच. क्षुल्लक गोष्टीचा गाजावाजा. साहेब हसले. मीही सवयीने हसलो.

“मिस्टर हॅरिस,” नसरीन म्हणाली, “प्लीज डू नॉट यूज अवर बोल्ट्स. दे विल ब्रेक. समवन कॅन डाय. इट इज अवर मिस्टेक.”

आमचे बोल्ट वापरू नका. ते तुटतील. माणूस मरू शकतो. चूक आमची आहे.

हॅरिसचं हसू तसंच होतं, पण त्याच्या मागचा माणूस निघून गेल्यासारखं झालं. पठारे साहेब पुढे सरकले.

“व्हॉट मॅडम इज ट्राइंग टू से, मिस्टर हॅरिस...”

“हँग ऑन,” तो म्हणाला. म्हणजे थांबा जरा. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. आमची ओळख आधी झालेली होती. त्याने सभ्यपणे विचारलं, मिस्टर साळवे, भाषेचे जाणकार तुम्ही आहात. बाईंना खरंच असं म्हणायचंय, की भाषांतरात काही इकडचं तिकडे झालंय?

त्याने आम्हाला दारच उघडून दिलं होतं. बाईंचं इंग्रजी कच्चं, म्हणून जरा जास्त बोलल्या, एवढं मी म्हटलं असतं की सगळे सुटले असते. साहेब सुटले असते, पुढचं काम सुटलं नसतं. फक्त बोल्ट सोमवारी ट्रेलरला लागले असते.

“साळवे सर,” पठारे साहेब माझ्याकडे न बघता मराठीत हळूच म्हणाले, “जरा सांभाळून घ्या.”

नसरीन माझ्याकडे बघत होती, बस्स. तिच्या कपाळावर घाम आलेला मला दिसला. तेव्हा मला कळलं की ती सकाळपासून घाबरलेली आहे आणि घाबरूनच हे सगळं करते आहे. मला त्या मुलीचा फार अभिमान वाटला. माझी कोणी नसताना.

मी म्हणालो, त्यांना हेच म्हणायचंय. शब्दन् शब्द. त्यात माझ्याकडून घालण्यासारखं किंवा काढण्यासारखं काही नाही.

नसरीनने मूठ उघडून बोल्टाचं डोकं कॅमेऱ्यापुढे धरलं. काल संध्याकाळी आवळला होता, सकाळी हे खाली पडलं होतं, तुमच्याकडे आहे त्याच लॉटचा, एवढंच ती बोलली. मग तिने ते टेबलावर ठेवलं. त्याचा टक असा आवाज झाला.

आणि पठारे साहेबांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता हे सारवासारव करणार. पण त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, “यस, मिस्टर हॅरिस. अवर मिस्टेक. प्लीज स्टॉप द लाईन.”

त्या माणसाला ते किती जड गेलं असेल, हे त्याला ओळखणाऱ्यालाच कळेल. वाक्य संपल्यावर त्यांनी पाण्याचा अख्खा ग्लास एका दमात पिऊन टाकला.

हॅरिस खुर्ची मागे ढकलून उठला. कॅमेऱ्यात नुसती भिंत दिसत राहिली. बऱ्याच वेळाने तो परत आला. मग त्याच्या तोंडी एकही म्हण नव्हती. ना पूल, ना वादळ. काय, कुठे, किती, कधी. नसरीन उत्तरं देत गेली आणि दोघांचं इंग्रजी सारखंच झालं. मला बोलायचं कामच उरलं नाही. दुभाष्याला याच्याइतकी चांगली दुपार मिळत नाही.

त्याच्या बोलण्यातून कळलं की त्यांच्या लोकांनी सोमवारची वाट पाहिलीच नव्हती. हाताला काम नव्हतं म्हणून थोडे ट्रेलर आधीच जोडून टाकले होते. त्यातला एक बाहेर यार्डात उभा होता. एक शेतकरी जेवणाच्या वेळेपर्यंत तो न्यायला येणार होता. हॅरिस बाहेर गेला होता, तो फाटकावर सांगायला.

कॉल संपला. पठारे साहेब केबिनमध्ये गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. आम्ही दोघं कँटीनमध्ये चहाला बसलो. नसरीनने कप दोन्ही हातांत धरला होता.

“तू हसली नाहीस सकाळी,” मी म्हणालो. “मयताचा फोन म्हटलं तेव्हा.”

तिने कप खाली ठेवला.

“मी पुण्याला शिकत होते, सर. मामूचा फोन आला. ‘अब्बा थोडे सीरियस हैं बेटा, आ जा.’ मला वाटलं, थोडे सीरियस आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रॅक्टिकल होतं. ते देऊन निघाले. बसमध्ये खिडकीशी बसून भेळ खाल्ली. कॉटशेजारी बसून अब्बांना काय काय सांगायचं ते ठरवत होते. आमच्यात फार वेळ ठेवत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. मी पोचले तेव्हा मंडळी कब्रस्तानातून परत येत होती.”

मी माझा कप बाजूला सारला.

“सगळे म्हणाले, अगं, एवढं कळू नये? सीरियस म्हटल्यावर निघायचं ना लगेच. माझी अम्मी पण म्हणाली. मामू बिचारे अजून माझ्या नजरेला नजर देत नाहीत. त्यांनी मायेनेच केलं होतं ते.” तिने ओढणीने डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “तेव्हापासून मी ‘थोडं’ हा शब्द वापरत नाही, सर. रिपोर्टमध्ये नाही आणि घरी पण नाही.”

सकाळी ज्या गोष्टीला मी हसलो होतो, ती तिने स्वतः भोगलेली होती. चहा गार झाला. आम्ही दोघांनी तो तसाच प्यायला.

पुढे काय झालं ते सांगतो. इंग्लंडमध्ये ट्रेलरला लावलेले बोल्ट काढले. त्यातल्या काहींची डोकी हाताने फिरवताच निघून आली. माल परत बोलावला, नवीन करून दिला, शेकताना नसरीन आणि गिते भट्टीपुढे खुर्च्या टाकून बसले. गिते म्हणायचे, “म्याडम, लेकराला न्हाऊ घालून शेक द्येत्यात तसं चाललंय आपलं.” कितीतरी महिने आमच्या प्रत्येक लॉटची तिकडे दुबार तपासणी झाली. नवं मोठं काम हॅरिसने सगळं आम्हाला दिलं नाही. निम्मं दुसऱ्या गावी गेलं. त्यामुळे मुख्य ऑफिसातून नसरीनच्या नावाने प्रश्न आले, एवढं उघड बोलायची काय गरज होती म्हणून. त्याला पठारे साहेबांनी उत्तर दिलं. त्यांनी काय लिहिलं ते मला नसरीनने दाखवलं. एकच ओळ होती. शेख मॅडम माझ्या सांगण्यावरून बोलल्या. ते खरं नव्हतं. त्या माणसाच्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं खोटं असावं.

हॅरिस वर्षाअखेरीला सुप्याला आला. नसरीनशी बोलताना तो आता एकही म्हण वापरत नाही आणि माझ्याशी बोलताना मुद्दाम वापरतो. जाताना म्हणाला, हॅट्स ऑफ टू हर. टोपी काढली. याचा अर्थ मी कोणाला समजावला नाही.

यंदा उन्हाळ्यात पठारे साहेबांच्या आई गेल्या. नव्वदीच्या होत्या. मी भेटायला गेलो तेव्हा ते अंगणात सतरंजीवर बसले होते, डोकं भादरलेलं, चष्मा हातात. त्यांची धाकटी बहीण नाशिकला असते, ती आत बायकांत होती.

“हिला फोन मीच केला, साळवे सर,” ते म्हणाले. “सगळे म्हणत होते, सिरियस आहे म्हण, एकटी आहे घरी, कोसळेल. फोन हातात घेतला आणि ‘थोडं’ इथपर्यंत आलो बघा. मग ते बोल्टाचं डोकं आठवलं. म्हटलं, ‘अगं, आई गेली. तू येईपर्यंत मी हलवू देणार नाही.’ लई रडली. पण तसंच कोणाला तरी घेऊन निघाली. तोंड बघितलं तिने आईचं.”

त्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि आत हाक मारून माझ्यासाठी पाणी मागितलं.

म्हणी मी अजूनही शिकवतो. पोटाचा प्रश्न आहे आणि मला त्या आवडतातही. पण नव्या बॅचला पहिल्या दिवशी फळ्यावर केक, मांजर, हत्ती काही लिहीत नाही. पहिल्या दिवशी फक्त नसरीनची ती चार वाक्यं पाठ करून घेतो.